मागच्या चाकाचे बेअरिंग घरच्या घरी बदलताना

मारुती ८००, अल्टो, जुनी वॅगनआर अशा लहान गाड्यांच्या मागच्या चाकाचे बेअरिंग बदलायला गाडी गॅरेजमध्येच न्यायला हवी असे नाही. अवजारे पुरती असतील आणि एक सबंध सकाळ मोकळी असेल, तर अंगणात होण्यासारखे काम आहे. मात्र घरी बसवलेले बेअरिंग महिन्याभरात पुन्हा घुमू लागले, ही तक्रार सारखी ऐकू येते आणि दोष बेअरिंगच्या कंपनीवर जातो. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. बसवताना हातोड्याचा ठोका चुकीच्या रेसवर (बेअरिंगच्या आतल्या किंवा बाहेरच्या कड्यावर) पडलेला असतो, दोन बेअरिंगांमधली नळी म्हणजे स्पेसर राहिलेला असतो, नाहीतर नट अंदाजाने आवळलेला असतो. म्हणून चाक काढणे-घालणे यापेक्षा या तीन गोष्टींवर इथे जास्त लिहिले आहे.

खाली सांगितलेली पद्धत ब्रेकच्या ड्रममध्येच दोन बेअरिंगे ठोकून बसवलेली असतात, त्या रचनेची आहे. काही नव्या गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून एकच अख्खा भाग येतो. तिथे जुना भाग खोलून नवा लावायचा एवढेच काम, ठोकाठोकी नाही. आणखी एक जुनी रचना टेपर रोलर बेअरिंगची, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेली, तिचा नट आवळण्याची रीत अगदी वेगळी आहे. ती पुढे नटाच्या ठिकाणी येईल.

आवाज बेअरिंगचाच आहे ना?

बेअरिंग गेले की ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे मागून घरघर सुरू होते, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. वेगाबरोबर ती चढत जाते. चालत्या गाडीत न्यूट्रल करून पाहा. इंजिन खाली बसले तरी घरघर तशीच राहिली, तर इंजिनाचा संबंध नाही. उरला टायर. वाकडा झिजलेला टायर हुबेहूब असाच आवाज करतो आणि त्यापायी चांगली बेअरिंगे फेकली जातात. फरक असा की डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. तरी खात्री होत नसेल तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावून एक फेरी मारा. आवाज पुढे सरकला तर बेअरिंगला हात लावू नका.

बाजू ओळखायला सोलापूरच्या विजापूर रोडसारखा सरळ रस्ता सकाळी लवकर, रिकामा असताना बरा. ५०-६० च्या वेगात स्टिअरिंग हलके डावी-उजवीकडे फिरवा. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो. त्या क्षणी घरघर वाढली तर बहुधा डावे बेअरिंग गेले आहे. मग घरी गाडी जॅकवर घेऊन एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगवरच्या बोटांना लागते. दुसऱ्या बाजूचे चाक तसेच फिरवून पाहिले की शंका राहत नाही. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा. खटखट होत असेल तर काम पुढच्या रविवारवर ढकलू नका, तोवर गाडी चालवू नका.

सोलापूर भागात मागची बेअरिंगे लवकर जातात त्याला माती आणि पाणी कारण. काळ्या रानातल्या रस्त्यावर, विशेषतः उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चिखल रस्त्यावर आणल्यावर, तो ड्रम आणि मागच्या पत्र्याच्या फटीत भरतो. वाळून घट्ट झाला की सीलचा (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्याचा) ओठ घासतो आणि ओल धरून ठेवतो. वॉशिंगला दिलेल्या गाडीवर फवाऱ्याचे नळकांडे थेट चाकाच्या मधल्या टोपीवर धरले, तरी पाणी आत जाते. त्यातच पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन तुळजापूर, पंढरपूरच्या फेऱ्या. सगळे ओझे मागच्या दोन चाकांवर.

सामान आणि अवजारे

एका चाकाला आतले आणि बाहेरचे अशी दोन बेअरिंगे, एक ऑइल सील, एक नवा नट (जुन्या रचनेत किल्ल्यासारखा खाचांचा नट असेल तर नवी कॉटर पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून घालायची दुमडती पिन) आणि टोपी पोचलेली असेल तर नवी टोपी. दोन बेअरिंगांपैकी एकच बदलून पैसे वाचवू नका. एक खराब झाले त्याचा चुरा दुसऱ्यात गेलेलाच असतो. दुसऱ्या बाजूचे चाक मात्र गप्प असेल तर ते उगाच उघडायचे कारण नाही.

खरेदीला जाताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबरने घ्या. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचता आला तर ताडून पाहा. नंबर वाचणे सोपे आहे: शेवटचे दोन आकडे ०४ किंवा मोठे असतील तर त्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो. ६२०५ म्हणजे भोक २५ मिमी. त्याचा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिमी. आपल्याकडे लूम, पंप आणि साखर कारखान्यांना बेअरिंगे पुरवणारी दुकाने आहेत, त्यांच्याकडे त्या नंबरचा माल हातोहात मिळतो. पण नंबराच्या पुढची अक्षरेही तीच हवीत. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘झेडझेड’ म्हणजे नुसते पत्र्याचे झाकण. ‘सी३’ हे आतल्या गोळ्यांना ठेवलेल्या जास्तीच्या मोकळीचे चिन्ह. जुन्यावर सी३ असेल आणि नवे साध्या मोकळीचे घेतले, तर ड्रममध्ये ठोकल्यावर बाहेरची रेस आवळली जाते, गोळ्यांना जागा उरत नाही आणि बेअरिंग तापते. एसकेएफ, एनबीसी, एनएसके अशा नावांचा माल घ्या, पण पक्क्या बिलावर. याच नावांच्या खोक्यांत बनावट मालही येतो.

अवजारांत जॅकबरोबर एक चांगला स्टँड हवाच. त्याखेरीज नटाच्या मापाचा सॉकेट, अर्धा मीटर लांबीची टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा), टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना), अर्धा-पाऊण किलोचा हातोडा, छिन्नी, २०-२५ सेंटिमीटर लांब पितळी किंवा मऊ लोखंडी सळई, सर्क्लिपचा (बेअरिंग अडवून धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीचा) चिमटा, लाकडाचे दोन ठोकळे, रॉकेल, ब्रेक क्लीनर, चिंध्या आणि बेअरिंगचे लिथियम ग्रीस. टॉर्क रेंच विकत घेणे परवडत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दोन तासांसाठी आणा. त्यावाचून हे काम सुरूच करू नका.

चाक आणि ड्रम काढणे

बऱ्याच अंगणांत शहाबादी फरशी असते. ती दिसायला भक्कम, पण खाली पोकळ राहिली असेल तर जॅकच्या छोट्या पायाखाली तडकते आणि जॅक कलंडतो. जॅक आणि स्टँड दोन्हींखाली किमान दीड इंच जाडीची फळी घाला. मातीवर तर फळीशिवाय जॅक लावूच नका. विटांवर गाडी टेकवणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे, वीट ताण आला की कुठलीही सूचना न देता फुटते.

मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मधली टोपी कडेकडेने ठोकत काढा. नटाची कड स्पिंडलच्या (ज्यावर ड्रम फिरतो त्या स्थिर दांड्याच्या) खाचेत दाबलेली असेल तर बारीक छिन्नीने ती पूर्ण वर उचला; अर्धवट उचलून पाना लावला तर स्पिंडलचे आटे सोलून निघतात. नट फक्त अर्धा फेरा सैल करा. चाकाचे नटही पाव-पाव फेरा सोडा. मग गाडी उचला, स्टँड लावा, गाडीला ढकलून स्टँड बसल्याची खात्री करा, आणि चाक काढा. काढलेले चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवे सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी त्यावर बसेल.

आता हँडब्रेक सोडा, नाहीतर ड्रम येणार नाही. यापुढे गाडी फक्त गिअर आणि दगडांवर उभी आहे हे विसरू नका. नट आणि वॉशर काढून ड्रम ओढा. येत नसेल तर हँडब्रेकची केबल सैल करा. ड्रमच्या आतल्या कडेला गंजाची धार आलेली असते, तिच्यात लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) अडकतात. काही ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोके असतात. त्यांत त्याच मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे-थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. ड्रमच्या कडेवर घण घालू नका. ओतीव लोखंड आहे, तडा जातो, आणि तो तडा ब्रेक मारताना उघडतो.

आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. तोंडाला मास्क लावून ब्रेक क्लीनरने भिजवा आणि चिंधीने टिपून घ्या. लायनर दीड मिमीच्या आत आले असतील, किंवा ग्रीसने भिजले असतील, तर तेही आत्ताच बदला. व्हील सिलिंडरची रबरे ओली दिसली तर ब्रेक ऑइल गळते आहे. आणि ड्रम बाहेर असेपर्यंत गाडीत बसून कोणी ब्रेक दाबणार नाही याची काळजी घ्या, मुलेही. सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात आणि काम दुप्पट होते.

कधी कधी ड्रम निघतो पण आतल्या बेअरिंगची आतली रेस स्पिंडलवरच राहते. तिला पुलर लावा. छिन्नीने मारली तर स्पिंडलवर ओरखडा पडतो, आणि नेमक्या त्याच जागी नव्या सीलचा ओठ बसणार असतो.

जुनी बेअरिंगे बाहेर

ड्रम लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, मधली जागा मोकळी सोडून. आतल्या बाजूचे सील उचकटून काढा, सर्क्लिप असेल तर तीही. आता वरच्या भोकातून सळई आत घालून मधला स्पेसर थोडा बाजूला सारा. खालच्या बेअरिंगच्या आतल्या रेसची कड दिसेल इतपत पुरे. त्या कडेवर एक ठोका समोर, एक मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे, असे फिरते ठोके द्या. एकाच बाजूला मारत राहिलात तर बेअरिंग तिरके होऊन ड्रमचे भोक खरवडते. पहिले निघाले की स्पेसर हातात येतो. त्याचे कुठले टोक कुठे होते ते लक्षात ठेवा आणि तो नजरेसमोर ठेवा. ड्रम उलटा करून दुसरेही काढा. अशी ठोकून काढलेली बेअरिंगे पुन्हा वापरायची नसतात, कारण सगळा मार गोळ्यांतून गेलेला असतो.

भोक रॉकेलने धुऊन कोरडे करा आणि उजेडात नीट पाहा. आतून गोल चकचकीत पट्टा किंवा निळसर झाक दिसली, तर बाहेरची रेस ड्रममध्ये फिरत होती. नवे बेअरिंग त्यात हाताने आत जात असेल तर ड्रम बाद झाला. अशा वेळी भोकात पंचाने टिंबे मारून बेअरिंग घट्ट करण्याची चाल सर्रास आहे. बेअरिंग त्या टिंबांच्या टोकांवर टेकते, टोके थोड्या दिवसांत चेपतात आणि रेस पुन्हा फिरू लागते. चाक आहे, खिडकीचे बिजागर नव्हे. ड्रम बदला.

नवी बेअरिंगे बसवणे

ड्रममध्ये बसताना बाहेरची रेस घट्ट जाते, म्हणून जोर बाहेरच्या रेसवरच हवा. आतल्या रेसवर मारलेला प्रत्येक ठोका गोळ्यांतून बाहेरच्या रेसपर्यंत जातो आणि गोळ्या रेसच्या पन्हळीत बारीक खळगे पाडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. बेअरिंग बसल्यावर हाताने फिरवले तरी गुळगुळीत लागते. पण गाडी ६० ला पोचली की प्रत्येक गोळी प्रत्येक खळग्यावरून जाते आणि नव्या बेअरिंगमधून जुनाच आवाज येतो.

ठोकायला बाहेरच्या रेसच्या मापाचा सॉकेट किंवा पाइपचा सरळ कापलेला तुकडा घ्या. तो नसेल तर जुने बेअरिंगच वापरा, पण त्याचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर किंचित घासून घ्या, नाहीतर तेही आत अडकून बसते.

घट्टपणा कमी करायचा सोपा उपाय: नवी बेअरिंगे हवाबंद पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि धुतलेला ड्रम उन्हात ठेवा. बेअरिंग ५० अंशांनी गार झाले की ५२ मिमीच्या व्यासात साधारण ०.०३ मिमी आकसते. आकडा लहान वाटतो, पण मुळात घट्टपणा शतांश मिलिमीटरांतलाच असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात फरशीवर ठेवलेला ड्रम हात लागू देत नाही, थोडे प्रसरण ड्रमच्या बाजूनेही मिळते. पिशवीतून काढल्यावर वेळ घालवू नका, नाहीतर बेअरिंगवर दव धरते. ड्रमला गॅसची ज्योत लावू नका.

आधी ज्या बाजूला टेकायला खांदा आहे ते बेअरिंग बसवा. एकाच बाजूला सील असलेले बेअरिंग असेल तर सील बाहेरच्या अंगाला. सरळ सुरुवात झाली ना हे पाहून ठोकत जा. आत जाताना ठोक्याचा आवाज पोकळ येतो. खांद्याला टेकले की तो एकदम भरीव, खणखणीत होतो. तो बदलला की थांबा. उघड्या बेअरिंगांत गोळ्यांच्या मधल्या जागा बोटाने ग्रीस दाबून पूर्ण भरा. दोन बेअरिंगांच्या मधल्या पोकळीत मात्र एक तृतीयांश पुरे. जास्त भरले तर ते घुसळून तापते आणि सीलमधून बाहेर येऊन लायनरवर पडते. दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंगांत ग्रीस कारखान्यातूनच भरलेले असते, झाकण उचकटू नका.

आता स्पेसर. तो न घालता दुसरे बेअरिंग ठोकले, तर पुढे नट आवळताना दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात, बेअरिंगे आडवी दाबली जातात आणि अक्कलकोट गाठायच्या आत ड्रम तापून वास मारू लागतो. स्पेसर घाला, भोकातून तो मध्यावर आहे ना ते पाहा आणि दुसरे बेअरिंग ठोका. त्याची आतली रेस स्पेसरला टेकली की बस. दोन्ही रेस बोटांनी फिरवून पाहा. फिरणे मोकळे आणि सारखे हवे.

ठोकण्याचा आत्मविश्वास नसेल तर ड्रम आणि सामान घेऊन हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे जा, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला किंवा घराजवळ. त्यालाही ‘बाहेरच्या रेसवरच दाबा’ असे सांगा आणि स्पेसर स्वतः त्याच्या हातात द्या.

सील बसवताना ओठाची स्प्रिंग बेअरिंगकडे. ओठाला ग्रीसचा हात फिरवा आणि सील ड्रमच्या कडेला सपाट होईपर्यंत लाकडाच्या तुकड्याने ठोका. स्पिंडलवर सील फिरते ती जागा गंजली असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा, आडवे-उभे नाही.

नट

ड्रमचा ब्रेकचा पृष्ठभाग क्लीनरने पुसा. ग्रीसचा एक बोटाचा ठसाही तिथे नको. ड्रम स्पिंडलवर सरळ सरकवा, वॉशर घाला, नवा नट हाताने बसवा आणि ड्रम फिरवत फिरवत साधा घट्ट करा. चाक लावा, गाडी खाली घ्या, हँडब्रेक ओढा आणि मग टॉर्क रेंच.

मॉडेल आणि वर्षाप्रमाणे हा आकडा साधारण १०० ते २०० न्यूटन-मीटरमध्ये येतो. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. कल्पना यावी म्हणून: १७५ न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या टॉमीच्या टोकाला सुमारे ३५ किलोंचा जोर. तोच २० सेंटिमीटरच्या पान्याला जवळजवळ ९० किलो लागेल, म्हणजे आखूड पान्याने नट घट्ट ‘वाटतो’ तेव्हा तो अर्धाही आवळलेला नसतो. सैल नटाखाली आतल्या रेस स्पिंडलवर फिरू लागतात आणि स्पिंडल झिजतो. तो बदलणे हे घरचे काम राहत नाही. इम्पॅक्ट गनने शेवटचे आवळणे करू नका, तिचा जोर मोजता येत नाही.

नंतर नटाची कड स्पिंडलच्या खाचेत बोथट पंचाने दाबा. कॉटर पिनचा नट असेल आणि भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे सोडू नका.

टेपर रोलरच्या रचनेत याच्या उलट. तिथे ड्रम फिरवत हलका जोर देऊन रोलर बसवून घ्यायचे, मग नट सोडून बोटांनी टेकवायचा आणि जेमतेम जाणवेल एवढी मोकळ ठेवून पिन घालायची. ही मोकळ मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बहुधा ती ०.१ मिमीच्या आतच असते. तिथे कोणी १७५ ने आवळले तर रोलर पहिल्या फेरीतच भाजतात.

एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांत एबीएस आहेच. त्यांतल्या काहींच्या बेअरिंगवर किंवा सीलवर चुंबकीय पट्टी असते; ती सेन्सरच्या बाजूला यायला हवी आणि तिला चुंबकी ट्रे किंवा लोहचूर लागू देऊ नका. उलटी बसली तर डॅशवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळे पुन्हा खोलावे लागते.

रस्त्यावर नेण्याआधी

ब्रेकचे पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, सैल केलेली हँडब्रेकची केबल पूर्ववत करा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. मारुतीच्या अनेक लहान गाड्यांत तो ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टोपी बसवताना तिची कड चेपू नका, पाणी तिथूनच शिरते.

पहिली फेरी आठ-दहा किलोमीटरची, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा. दोन्ही मागच्या चाकांच्या मध्याजवळ हात न्या. दोन्ही सारखीच कोमट हवीत. नवे बेअरिंग घातलेले चाक हात ठेवू देत नसेल तर आधी पाहा की ब्रेक चिकटत नाही ना. चाक उचलून मोकळे फिरत असेल आणि तरीही तापत असेल तर स्पेसर किंवा आत भरलेले ग्रीस तपासा. घरघर तशीच असेल तर दुसरी बाजू आणि टायर पुन्हा ऐका. घरघर आधी गेली आणि आठवड्याभरात परत आली, तर ठोका आतल्या रेसवर पडला आहे. दुसरा जोड आणूनच ते सुटेल.

५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने पाहा आणि सीलच्या बाजूने ग्रीस बाहेर आले आहे का, ते मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा.